डब्यात गेलेला जीवखडा

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गोपालच्या आत्याने, विमलताईंनी, मागच्या दारात उभं राहून विचारलं, "गोपाल, खडा कोठी बांधला तुनं?"

गोपाल नळाशी दात घासत होता. त्याने चूळ भरली आणि हातातल्या ब्रशनेच छपराच्या वळचणीकडे खूण केली.

त्यांच्या घराण्यात जीवखडा घरात घेत नाहीत. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला ज्या खड्याने भोक पाडतात, तो खडा अग्नी देणाऱ्याने परत आणायचा, कोऱ्या फडक्यात बांधून बाहेर वळचणीला टांगायचा आणि दहाव्याला नदीवर न्यायचा. गेलेल्या माणसाचा जीव तोवर त्या खड्यात असतो असं धरतात. नदीवर त्याच्यावर तिळाचं पाणी घालतात, त्याच्यापुढे पिंड मांडतात, शेवटी तो पाण्यात सोडला, की माणूस सुटला. मधल्या दिवसांत दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही, त्याची चौकशीही करायची नाही. विमलताईंनी ती केली, कारण अंगण झाडताना त्यांची नजर वर गेली होती आणि तिथे काही दिसलं नव्हतं.

खरंच काही नव्हतं. एका बांबूला सायकलची जुनी ट्यूब लटकत होती, दुसऱ्याला वाळलेला दोडका. गोपालने दोन्ही बघितले. त्याला काही वाटलं नाही. किसनराव, म्हणजे त्याचे वडील, दुपारचा चहा पिऊन भिंतीला टेकले आणि तसेच गेले, तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. माणसं येत, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत, आणि तो शिडी धरून उभ्या असलेल्या माणसासारखा त्यांचं होईपर्यंत उभा राही. मग ती डोळे पुसून चहा पीत आणि तो कप उचलून नेई.

"नाई ना तिथं," विमलताई म्हणाल्या.

"नाई," गोपाल म्हणाला.

"मंग?"

त्याने आठवून पाहिलं. स्मशानातून परत आल्यावर वळचणीखाली उभं राहून फडक्याला गाठ मारल्याचं त्याला आठवेना. नदीवर आंघोळ करून सदरा घातला, तेव्हा कोणीतरी खडा हातावर ठेवून 'सांभाळ' म्हणालं होतं, ते आठवत होतं. खडा खिशात टाकला होता. पुढचं डोक्यात नव्हतं, पण हाताला माहीत होतं. मागच्या दारातून आत शिरताना, पाय धुण्याच्याही आधी, खिसा रिकामा करायचा आणि खिशातले दगड दाराजवळच्या पाणी भरलेल्या घमेल्यात टाकायचे, हे त्याचा उजवा हात कित्येक वर्षं करत आला होता.

तो घमेल्यापाशी गेला. घमेलं रिकामं होतं. ते त्यानेच रिकामं केलं होतं.

गोपाल यवतमाळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. राहायला कळंबला, येणं-जाणं एसटीने. रविवारी आणि कारखाना बंद असेल त्या महिन्यांत तो नदीपात्रातून, खदानींच्या कडेने, वावरांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, गारगोट्या वेचत फिरे. इकडच्या काळ्या दगडाच्या पोटात त्या सापडतात. बाहेरून बटाट्यासारख्या मळकट, आत दुधी, मधाच्या रंगाच्या, कधी पट्ट्यापट्ट्यांच्या. त्या घासून चकचकीत करायचा डबा त्याने स्वतः बनवला होता. जाड प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, आतून रबर लावलेला, दोन्ही तोंडांना झाकण. तो दोन फिरत्या रुळांवर आडवा ठेवायचा. रूळ आणि बेअरिंग जिनिंगच्या भंगारातले, मोटर कोणाच्या तरी मोडक्या वॉशिंग मशीनची. डब्यात गारगोट्या, त्या बुडतील न बुडतील एवढं पाणी आणि चमचाभर कार्बोरंडमची, पॉलिश पेपरला असते तसली, जाड पूड घालून आठवडाभर अहोरात्र फिरवायचा. मग उघडून, धुऊन, बारीक पूड. मग आणखी बारीक. शेवटी आरसेवाले काचेला लावतात ती पांढरी पूड. महिन्याभराने बटाट्याचे डोळे उघडत. विकत तो काही नसे. बरण्यांमध्ये भरून ठेवी, कोणी मागितलं तर मूठभर देई.

किसनरावांना यातलं काही समजत नसे आणि समजून घ्यायची गरजही वाटत नसे. "आमची जिंदगी वावरातले गोटे धुऱ्यावर फेकण्यात गेली," ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आन हे आमचं पोट्टं धुऱ्यावरचे गोटे घरात आणून राह्यलं." पण मागच्या छपरात डब्याची घरघर चालू असली की त्यांना झोप लागे. वीज गेली की घरघर थांबे आणि तेच आधी जागे होत. "गोप्या, तुहा डबा मेला," अशी हाक येई. तिच्यात काळजी नसे, नुसती बातमी असे.

या कामात गोपाल एक नियम कडक पाळत असे. एका डब्यात एकाच कडकपणाचे दगड. प्रत्येक दगडावर तो आधी पोलादी पात्याची रेघ ओढून बघे. रेघ उठली की दगड बाहेर. नरम दगड कडक दगडांत टाकला की ते त्याला खातात. आठवड्याभराने बघायला जावं तर त्याचा गाळ झालेला असतो.

अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर दुपारी घर माणसांनी भरलं होतं. बायका पुढच्या खोलीत, पुरुष मांडवात. गोपालला कोणी काही करू देत नव्हतं. हात मोकळे राहिले की ते दुसऱ्याच कोणाचे तरी असल्यासारखे वाटत. तो मागे गेला, घमेल्यातले सगळे दगड डब्यात ओतले, पूड टाकली, झाकण घट्ट केलं, बटण दाबलं. पात्याने एकही रेघ ओढली नाही.

घरघर सुरू झाली तेव्हा मांडवात एका पाहुण्याने पाण्याची मोटर लागली का म्हणून विचारलं होतं. निकिता, गोपालची बायको, धावत मागे आली आणि हळू आवाजात म्हणाली की सुतकात हे बरं दिसत नाही. गोपालने फक्त मान हलवली. डबा फिरतच राहिला. विमलताई तेव्हा म्हणाल्या होत्या, फिरू दे, त्याच्या बापाला त्याशिवाय झोप येत नव्हती. त्यावर बायका पुन्हा रडल्या होत्या.

आणि काल डब्याचा आठवडा भरत आला म्हणून त्याने तो उघडला होता, गाळ मागच्या खड्ड्यात ओतला होता, दगड धुऊन वाळायला ठेवले होते. त्यांच्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

हे सगळं त्याने विमलताईंना सांगितलं. जिनिंगमध्ये मुकादमाला यंत्र का बंद पडलं ते सांगतो, त्याच क्रमाने सांगितलं. त्या नळाच्या ओट्यावर बसल्या. सत्तरी गाठलेल्या, पांढरकवड्याला सासरी आजवर तीन पिढ्यांचं केलेल्या बाई. भाऊ गेल्यापासून त्यांनी रडणं दुपारपुरतं ठेवलं होतं आणि बाकी वेळ काम केलं होतं.

"म्हणजे माहा भाऊ तुह्या डब्यात होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"आठवडाभर."

"हो, आत्या."

"आन आता कोठी आहे?"

छपराखाली जुन्या बनियनवर दगड पसरलेले होते. पहिल्या पुडीतून निघालेले, कडा गेलेले, अजून चमक न आलेले. गोपाल उकिडवा बसला आणि एकेक उचलून बाजूला ठेवू लागला. हा वर्धेच्या पात्रातला. हे दोन जोडमोहाच्या रस्त्यावरच्या खदानीतले. हा आपल्याच वावरातला, गेल्या दिवाळीचा. एकही असा निघाला नाही की ज्याचं गाव त्याला सांगता आलं नाही. विमलताई प्रत्येक दगडाकडे आशेने बघत होत्या आणि तो बाजूला गेला की दुसऱ्याकडे. शेवटचा बाजूला गेला तेव्हा बनियन मोकळं झालं.

"यात नाही," गोपाल म्हणाला.

"मंग पळाला का तो?"

त्याला आता मडक्याचं आठवलं. स्मशानाच्या ओट्याभोवती नवीन मुरूम टाकलेला होता. खडा त्यातूनच उचललेला. शेजारच्या रामधनने मडक्यावर मारला तेव्हा भोक पडायला दोन-तीन ठोके लागले होते आणि खड्याचाच टवका उडाला होता. कच्चा आहे लेकाचा, असं रामधन पुटपुटला होता. वरून घट्ट, आतून भुसभुशीत, मुरमाचा खडा. गारगोट्यांत तो दोन दिवसही टिकला नसेल.

तो उठून छपरामागच्या खड्ड्यापाशी गेला. डब्यातला गाळ तो नालीत टाकत नसे. एकदा टाकला होता तर तो सिमेंटसारखा बसला आणि किसनरावांना सब्बलीने नाली फोडावी लागली. त्यानंतर शिव्यांसकट हा खड्डा खणून मिळाला होता. खड्ड्यात वर्षानुवर्षांचे थर होते. गारगोट्यांचा गाळ राखेसारखा पांढुरका असतो. सगळ्यात वरचा, कालचा थर तांबूस होता. काल ओततानाही तो तांबूसच असणार. तेव्हा तो डोळ्यांना दिसला होता, पण त्याने बघितला नव्हता.

"हा," गोपाल म्हणाला.

विमलताईंनी वाकून बघितलं. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "निकिता, मले महाराजाचा नंबर लावून दे."

विधी सांगणाऱ्या महाराजांशी त्या पडवीत उभ्या राहून बोलल्या. पांढरकवड्याला आमच्या शेजारी एकांकडे असं झालं, त्यांचा खडा गहाळ झाला, त्यांनी काय करावं, असं विचारलं. पलीकडून उत्तर आलं की नवा खडा घ्यावा आणि पहिल्यापासून करावं. पहिल्यापासून म्हणजे कसं, तर पहिल्या दिवसापासून. महाराजांनी मग हेही विचारलं की खडा पांढरकवड्यातच गहाळ झाला ना. विमलताईंनी रेंज नसल्यासारखं केलं आणि फोन निकिताच्या हातात दिला.

पहिल्यापासून करणं शक्य नव्हतं. उद्याच्या जेवणाचं सामान येऊन पडलं होतं, आचारी ठरला होता, चार गावची माणसं निघाली होती. पण विमलताईंचं म्हणणं वेगळंच होतं. एसटीच्या तासभर आधी जाऊन फलाटावर बसणारा माणूस तो, त्याला अजून दहा दिवस कोणत्या तोंडाने थांब म्हणायचं? आणि तसंच सोडून द्यायचं तर तो वाऱ्यावर राहील. त्या हे मोठ्याने बोलल्या नाहीत. भांडी विसळताना, निकिता ऐकेल एवढ्याच आवाजात बोलल्या. गोपालने दारातून ऐकलं. त्याच्याकडे या दहा दिवसांत एकच काम होतं. बाकी सगळं दुसऱ्यांनी केलं होतं.

दुपारी रजत आला. गोपालचा धाकटा भाऊ, हैदराबादला नोकरीला, राख सावडून परत गेलेला. तो चपला काढेपर्यंत विमलताईंनी त्याला सांगून टाकलं. रजत बापाच्या वळणावर गेला होता. राग आला की आधी हसे.

"दादा," तो म्हणाला, "गावात सगळ्यात जास्त दगड तुह्या घरात. आन एक सांभाळता नाई आला."

गोपालने हे बरोबर आहे असं मान हलवून मान्य केलं. त्याने रजत आणखी चिडला. बाबा असते तर काय म्हणाले असते, लोकांना कळलं तर काय म्हणतील, असं बरंच बोलला. मग मागे जाऊन स्वतः खड्डा बघून आला आणि चहा प्यायला बसला.

उपाय विमलताईंनी काढला होता. त्यांनी रामधनला स्मशानात पाठवून त्याच मुरमातला, तेवढाच एक खडा मागवला. रामधनने कागदात गुंडाळून आणून दिला आणि काही विचारलं नाही. त्यांनी तो गोपालसमोर ठेवला. तांबूस, अंगठ्याएवढा, एका बाजूला टवका उडालेला. टवका बहुधा रामधनने आपल्या अकलेने उडवला होता. तो खडा हातात घेऊन शपथ घेतली असती तरी कोणाला शंका आली नसती.

"हा घे, फडक्यात बांध, वर टांग," विमलताई म्हणाल्या. "आपल्या तिघा-चौघांलेच ठाऊक. महाराजाले काय समजते?"

"बाबा नाहीत त्यात," गोपाल म्हणाला.

"ते मले समजते. मंग काय करतं?"

गोपालने खुरपं घेतलं, धुतलं, आणि खड्ड्यापाशी बसून वरचा थर सोलायला लागला. दूध तापवल्यावर साय काढतात तसा, तिरपं खुरपं धरून. तांबूस संपून पांढुरकं दिसलं की थांबायचं. गाळ अजून ओला होता. पितळी वाटीत जमला तेवढा त्याने जमवला, पाणी निथळू दिलं आणि तळहातावर घेऊन वळला. लिंबाएवढा गोळा झाला.

रजत कधीतरी मागे येऊन उभा राहिला होता. "यात बाबा किती आन गारगोट्या किती?" त्याने विचारलं. आवाज टोमण्याचाच होता, पण प्रश्न खरा होता.

"जास्त तेच," गोपाल म्हणाला. "गारगोटी कडक. तिचं पीठ थोडंच निघते. आठवडाभरात तर काहीच नाही."

"आन तुही पूड?"

"चमचाभर. तीबी आहे."

रजतने थोडा वेळ हिशोब केल्यासारखं केलं. मग आत गेला आणि निकिताकडून कोऱ्या फडक्याचा तुकडा घेऊन आला. गाठ गोपालनेच मारली. गोळा वळचणीला टांगला तेव्हा फडक्यातून दोन थेंब पडले. विमलताईंनी ते बघितलं. त्यांच्या हातातला मुरमाचा खडा त्यांनी कमरेच्या पिशवीत टाकला आणि पिशवीची दोरी ओढली. बोलल्या एवढंच, की मी तो बरोबर आणणार आहे.

दुसऱ्या दिवशी चक्रवती नदीच्या काठावर माणसं जमली. पाणी डोहापुरतं राहिलं होतं, मार्च लागलेला. अजून एका घरचं दहावं थोडं वरच्या अंगाला चालू होतं, त्यामुळे कावळे आधीच आलेले होते. गोपालचं डोकं भादरून झालं. त्याला डोक्यावर ऊन लागल्याचं कळलं. ते कळलं एवढंच. रजतचंही झालं, आणि दोघं भाऊ पहिल्यांदाच सारखे दिसायला लागले असं कोणीतरी म्हणालं.

महाराजांनी पत्रावळीवर दर्भ मांडले, पिंडाचा भात जवळ घेतला, तिळाची वाटी ठेवली. चष्मा कपाळावर सरकवून हात पुढे केला.

"खडा."

विमलताई बायकांच्या पुढे उभ्या होत्या. त्यांचा हात कमरेच्या पिशवीवर गेला आणि तिथेच थांबला. दोरी सुटलेली होती. गोपालने ते बघितलं. उजवा हात पुढे केला असता तर त्याही क्षणी तो खडा मिळाला असता, पुढचं सगळं रीतसर झालं असतं, आणि माणसं जेवायला बसली असती. त्याने फडकं सोडून गोळा दर्भावर ठेवला. रात्रीत गोळा वरून सुकला होता, त्याला बारीक भेगा गेल्या होत्या.

महाराजांनी चष्मा खाली घेतला. "हे काय आहे?"

"खडा आहे," गोपाल म्हणाला. "माह्या हातून दगड घासायच्या डब्यात गेला. मुरमाचा होता, विरला. हा त्याचा गाळ आहे."

मागच्या माणसांत हालचाल झाली. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. एक म्हातारा काय झालं, काय झालं करत राहिला आणि त्याला कोणी सांगेना. महाराज गोळ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून विमलताईंकडे बघितलं.

"पांढरकवड्याचे शेजारी ते हेच का?"

"हेच," विमलताई म्हणाल्या.

"मंग मी सांगतलंच होतं फोनवर. खडा हरवला तर पहिल्यापासून करा लागते."

"हरवला तर ना?" विमलताई पुढे आल्या. बायका सहसा येत नाहीत तिथपर्यंत, दर्भाच्या टोकापर्यंत आल्या. "हरवला कोठी? तुमच्या समोर ठेवला ना त्यानं. हरवला असता तर मी दुसरा देऊन मोकळी झाली असती, तुम्हाले समजलंबी नसतं."

वरच्या अंगाचं दहावं आटपत आलं होतं, तिथले लोकही वळून बघायला लागले होते. महाराजांनी बोटाने गोळ्याला हलकेच लावून पाहिलं, बोट दर्भाला पुसलं, आणि गोपालला विचारलं, "यात दुसरं काही आहे का?"

"आहे. थोडं गारगोट्यांचं पीठ आहे. थोडी पूड."

"त्याच्या घरचंच ना सगळं?"

"घरचंच."

"बसा," महाराज म्हणाले.

विधी सुरू झाला. महाराज मंत्र म्हणत, गोपाल ओंजळीतून तिळाचं पाणी सोडे. खड्यावर पाणी घातलं की ते ओघळून जातं आणि खडा तसाच राहतो. इथे तसं झालं नाही. पहिल्या ओंजळीने गोळ्याच्या भेगा भरल्या. पुढच्या ओंजळींनी तो बसत गेला, पसरत गेला. त्याच्यावरचे तीळ त्याच्यात रुतले. महाराजांनी मंत्र न थांबवता पाणी कमी घालायची खूण केली. मग पिंड मांडले गेले. कावळ्यांनी वाट पाहायला लावली नाही. त्यांचा त्या सकाळचा हा दुसरा फेरा होता. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बायकांतून एक हुंदका आला. गोपालला काही वाटलं नाही.

"आता खडा घ्या आणि पाण्यात सोडा," महाराज म्हणाले आणि सवयीने म्हणून गेल्यावर थांबले. हातात घेण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. पत्रावळीवर तांबूस चिखलाचा पातळ थर होता आणि त्यात तीळ.

गोपालने पत्रावळच दोन्ही हातांनी उचलली. ती मधून लवत होती. रजतने दुसरी बाजू धरली. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, आणि अग्नी त्याने दिला नव्हता म्हणून तसं चालत नाही असं कोणी म्हणालं असतं, पण कोणी म्हणालं नाही. दोघं गुडघाभर पाण्यात गेले आणि पत्रावळ खाली नेली. पाणी पानांवर चढलं, थर सुटला, आणि पाण्यात एक तांबूस ढग पसरला. त्याच्यावर तीळ तरंगत राहिले.

गोपाल बघत होता. जाड कण लगेच खाली गेले. बारीक गाळ खाली जात नव्हता. डोहात ओढ नव्हती, त्यामुळे तो वाहूनही जात नव्हता. रोजच्या कामात त्याने हे शेकडो वेळा बघितलं होतं. बादलीतला गाळ बसायला रात्र लागते. इथे किती लागेल ते त्याला सांगता आलं नसतं.

"सोडली ना पत्रावळ? चला आता," काठावरून महाराज म्हणाले. "मागे पाहू नका. सरळ चला."

माणसं वळली. चपला शोधायला लागली. आचाऱ्याने भात उतरवला असेल असं कोणीतरी म्हणालं.

"थांबा," विमलताई म्हणाल्या. त्या काठावर, पाण्याला पाय लागेल एवढ्या जवळ येऊन उभ्या होत्या. "अजून दिसून राह्यला तो."

महाराजांनी घड्याळाकडे बघितलं, मग पाण्याकडे. एकेक करून वळलेली माणसं परत फिरली. गोपाल आणि रजत पाण्यातच उभे होते. ढग गोपालच्या पोटऱ्यांभोवती आला. त्याने पाय हलवला असता तर तो ढवळला असता. त्याने पाय हलवला नाही.